'स्मृतिचित्रें' आणि ईश्वरी निवड

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 ते 1936 या काळांत भागशः प्रसिद्ध झालीं. तेव्हांपासून त्यांच्या भाषेची, विनोदाची आणि निर्मळ मनाची प्रशंसा करण्यांत मराठी टीकाकारांनीं कधीं हात आखडता घेतलेला नाहीं. ती प्रशंसा यथार्थच आहे. परंतु या ग्रंथांत एक प्रश्न आरंभापासून दबा धरून बसलेला आहे, आणि कौतुकाच्या भरांत त्याकडे दुर्लक्ष होतें असें आम्हांस वाटतें. मनुष्य आपला धर्म स्वतः निवडतो, कीं ईश्वरानेंच त्याला अगोदर निवडलेलें असतें?

सौंदडास बसून विचार करतां हा प्रश्न अधिकच जवळचा वाटतो. आमच्या उत्तरेस गोंदियावरून नागपूर-राजनांदगांव हा लोहमार्ग जातो. 1893 च्या सुमारास याच मार्गावरील गाडींत नारायण वामन टिळकांना एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनीं संस्कृत काव्याविषयीं संभाषण केलें, नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातीं दिली, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाविक वाचक येथें थांबतो व म्हणतो, 'पाहा, सारें ठरलेलेंच होतें!'

ख्रिस्ती धर्मशास्त्रांत या उद्गारास मोठा आधार आहे. पांचव्या शतकांत ऑगस्टिननें पेलेजियसाविरुद्ध ईश्वरी कृपेचा पक्ष मांडला. 1525 सालीं लूथरनें इरॅस्मसास उत्तर देतांना मानवी इच्छा बद्ध असल्याचें सांगितलें. आणि 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेनें, ईश्वराची निवड मनुष्याच्या कोणत्याही गुणावर अवलंबून नाहीं, असा निर्णय दिला. तेथें पराभूत झालेल्या अर्मिनियसाच्या मताचा पुढें अठराव्या शतकांत वेस्लीनें पुरस्कार केला. एकोणिसाव्या शतकांत नागपुरांत काम करणारे स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेंतले होते, तिचा कल डॉर्टच्याच बाजूस होता. मराठी वाचक मात्र ही शिकवण वाचतांना नकळत 'प्रारब्ध' हा शब्द मनांत आणतो व फसतो. प्रारब्ध हें आपल्याच पूर्वकर्माचें फळ होय. कॅल्विनपंथीयांची ईश्वरी निवड कोणत्याही कर्माचें फळ नव्हे. एकांत मनुष्य निदान आपल्या दैवाचा कर्ता असतो, दुसऱ्यांत तोही नसतो.

आतां टिळकांचीच हकीकत पाहूं. भाकीत परक्यानें केलें, पुस्तकही त्यानेंच दिलें. परंतु तें वाचण्याचा संकल्प टिळकांचा होता. डोंगरावरील प्रवचनापर्यंत येतांच त्यांना तें खालीं ठेववेना, कारण जातिभेदापलीकडील धर्माची तहान त्यांना अगोदरच लागलेली होती. कॅल्विनचा अनुयायी म्हणेल कीं ती तहानही ईश्वरानेंच लावली. या उत्तराचें खंडन करतां येत नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण जें उत्तर प्रत्येक प्रसंगास सारखेंच लागू पडतें, तें कोणत्याही एका प्रसंगाचा उलगडा करीत नाहीं.

खरी कसोटी पुढेंच आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानें लक्ष्मीबाईंच्या वाट्यास कित्येक वर्षांचा वियोग आला. त्यांना कुणी विचारलें नव्हतें. टिळकांचें धर्मांतर ईश्वराच्या योजनेंतलें म्हणावें, तर त्या निरपराध स्त्रीचे अश्रूही योजनेंतलेच मानावे लागतात. आणि मग पत्नीस अंधारांत ठेवणाऱ्या पतीस दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा? लक्ष्मीबाईंचें मोठेपण येथेंच दिसून येतें. ईश्वरी योजनेची ढाल पुढें करून त्या टिळकांचा उतावळेपणा झांकीत नाहींत, आणि त्या दुःखापायीं त्यांच्यावरील प्रेमही सोडीत नाहींत. पतीकडे परत आल्यावरही त्यांनीं आपलें सोंवळें व आपली चूल वेगळी ठेवली. पुढें जातिभेद मानवनिर्मित आहे असें त्यांच्या स्वतःच्याच विचारास पटलें, आणि मग त्यांनीं तो टाकला. बाप्तिस्मा 1900 सालीं झाला, तोही त्यानंतर. त्यांच्यासाठीं कोणत्याही गाडींत कोणी भाकीत केलें नव्हतें.

ग्रंथांत एक उणीव आहे. चुलीचें आणि पाण्याचें वर्णन लक्ष्मीबाई जितक्या विस्तारानें करतात, तितक्या विस्तारानें त्या आपल्या श्रद्धेची मीमांसा करीत नाहींत. तत्त्वजिज्ञासू वाचक थोडा उपाशी राहतो. परंतु न समजलेला सिद्धांत त्यांनीं पदरीं बांधून घेतला नाहीं, हें त्या उणिवेचें दुसरें अंग होय.

आमच्या या भागांत कोहळी मंडळींनीं बांधलेले जुने तलाव आहेत. पाऊस कुणाच्या हातचा नाहीं, हें धान लावणाऱ्यास कुणी शिकवावें लागत नाहीं. पण पाळ फुटली तर तो पावसास दोष देत नाहीं. फावडें घेऊन जातो. कृपा आणि इच्छा यांचा संबंध पंडितांच्या वादापेक्षां या व्यवहारांत अधिक स्पष्ट दिसतो असें आम्हांस वाटतें. लक्ष्मीबाईंनीं कृपेस नाकारलें नाहीं, पण आपलें फावडेंही कुणाच्या स्वाधीन केलें नाहीं. ज्या घरांत देवाच्या इच्छेचें नांव घेऊन सुनेस किंवा मुलीस गप्प बसविलें जातें, त्या घरांत, मग तें कोणत्याही धर्माचें असो, हा ग्रंथ मोठ्यानें वाचला जावा अशी आमची इच्छा आहे.