तपासपटाचे सत्त्व

एकामागून एक खून पाडणारा अज्ञात मनुष्य आणि त्याच्या मागावर निघालेले पोलीस अंमलदार ही कथावस्तू चित्रपटकलेला नव्वदांहून अधिक वर्षे परिचित आहे. परंतु या अवधीत तिचे तंत्र जितके परिष्कृत झाले तितके तिचे सत्त्व वाढले, असे मला म्हणवत नाही.

फ्रिट्झ लांग यांनी १९३१ साली 'एम' हा आपला पहिला बोलपट काढला, तेव्हा बालिकेचा वध त्यांनी पडद्यावर दाखवलाच नाही. घरंगळत आलेला तिचा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा एवढेच दाखवून त्यांनी सारी दृष्टी त्या भयग्रस्त नगराकडे वळवली, जिथे पोलिसांच्या धाडींनी ज्यांचा धंदा बुडाला ते चोरही भिकाऱ्यांकरवी त्याच मारेकऱ्याचा माग काढू लागतात. पुढे डेव्हिड फिंचर यांच्या 'सेव्हन'ने (१९९५) सात महापापांचा क्रम लावून मारेकऱ्यालाच सूत्रधार केले, आणि अनुकरण करणाऱ्यांनी त्यातून नेमके हे बुद्धिमान क्रौर्य तेवढे उचलले. स्वतः फिंचर 'झोडिअ‍ॅक'मध्ये (२००७) दप्तरे, हस्ताक्षरे आणि निष्फळ वर्षे यांकडे परतले, हे त्यांच्या कलादृष्टीला भूषणावह होय. आपल्याकडे 'रामन राघव २.०'ने (२०१६) पोलिसालाच व्यसनी व खुनी केले. त्यात विकृतीचे दर्शन घडते, तपास मात्र लोप पावतो.

या प्रकाराची परमावधी मला बोंग जून-हो यांच्या 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये (२००३) आढळते. दक्षिण कोरियातील ह्वासंग परगण्यात १९८६ ते १९९१ या काळात घडलेल्या खुनांवर तो आधारलेला आहे. भातशेतात सापडलेला पायाचा ठसा रीतसर पंचनामा होण्यापूर्वीच ट्रॅक्टरखाली चिरडला जातो. केवळ चेहरा पाहून गुन्हेगार ओळखल्याची बढाई मारणारा फौजदार पार्क आणि त्याचे सहकारी दुबळ्या संशयितांना बडवून कबुलीजबाब वदवून घेतात. आणि ऐन निकडीच्या रात्री कुमक मागावी, तर सारे शिपाई निदर्शकांना दडपण्यासाठी धाडलेले असतात. ज्या राजवटीला प्रजेच्या रक्षणापेक्षा प्रजेचे दमन निकडीचे वाटते, तिच्या अमदानीत खुनी मोकाट राहतो, हे बोंग एकही भाषण न देता दाखवतात. सोलहून आलेला, कागदपत्रांवर अढळ श्रद्धा असलेला सेओ अखेर अमेरिकेहून आलेला प्रयोगशाळेचा अहवालच खोटा ठरवून पावसात संशयितावर पिस्तूल रोखतो, तेव्हा पराभव एका माणसाचा नसून साऱ्या व्यवस्थेचा आहे, याची प्रचीती येते. सोंग कांग-हो यांनी पार्कच्या भूमिकेत ग्राम्य अहंकाराचे विषण्णतेत होणारे रूपांतर ज्या संयमाने साकारले आहे, त्याला तोड नाही.

वास्तवाने या चित्रपटाची साक्ष खरी ठरवली. २०१९ साली डीएनए चाचणीवरून खुनी निष्पन्न झाला. तो दुसऱ्याच एका खुनापायी १९९४ पासून तुरुंगात होता. या मालिकेतील आठव्या खुनाबद्दल, जबरीने घेतलेल्या कबुलीजबाबावर शिक्षा होऊन ज्याने सुमारे २० वर्षे कैद भोगली, त्या मनुष्याला न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष ठरवले.