औंधचा राजदूत आणि आटपाडीचा तराळ

मानपाड्यातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत अप्पासाहेब पंतांच्या ‘अ मोमेंट इन टाइम’ (१९७४) या इंग्रजी आत्मकथनावर बोलायचे ठरले, तेव्हा एका तरुण कामगार मित्राने विचारले, “राजाच्या पोराचे पुस्तक आपण कशाला वाचायचे?” प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मला आधी केनियात जावे लागले आणि तिथून माघारी आटपाडीला.

अप्पासाहेब हे औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला धाडले. तिथला समाज तीन मजली. वर गोरा, मधल्या मजल्यावर हिंदी दुकानदार आणि कारकून, तळाला ज्याचा देश तो काळा माणूस. थंड हवेची सुपीक पठारे गोऱ्यांना राखीव. आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा ओळखीचा दाखला बाळगावा लागे. कित्येक वर्षे तो धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवलेला असे. पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याची कथा ज्याने आजीकडून ऐकली आहे, त्याला ही डबी समजावून सांगावी लागत नाही.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली. जोमो केन्याटा पकडले गेले. कापेनगुरियाच्या खटल्यात त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले, तरी एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झालीच. राजदूताने अशा वेळी काय करायचे? त्याला राहू देणारे सरकार परके, आणि देशाचे खरे मालक तुरुंगात. मग यजमान कोण? पंतांनी ते आपल्यापुरते ठरवले. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली आणि ती लपवली नाही. वसाहतवाल्यांना हे खुपले, तक्रारी लंडनहून दिल्लीला गेल्या, आणि १९५४ मध्ये त्यांनी नैरोबी सोडली. या धैर्याला मी मनापासून दाद देतो.

पण मधल्या मजल्याचे काय? हिंदी लोकांनी आफ्रिकी हिताला आपल्या हिताच्या आधी मान द्यावा, असे नेहरूंचे सांगणे होते. तो माणूस मात्र जात पेटीत घालूनच बोटीत चढला होता. नैरोबीत गोवेकरांच्या संस्थासुद्धा वेगवेगळ्या. शिंप्यांची सोसायटी निराळी! गोऱ्याच्या क्लबात शिरकाव नाही म्हणून हळहळणारा तोच, आणि आपल्या शिंप्याला दूर बसवणाराही तोच.

आता आटपाडी. हे गाव औंध संस्थानातले, शंकरराव खरातांचे. ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) मध्ये त्यांचे वडील तराळकीच्या पाळीत, पोलिसांच्या धाकाने, विहिरीत उतरून प्रेत वर काढतात. हे घडते त्या संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या पायावर राज्यघटना स्वीकारली. तिचे कौतुक आजही होते आणि त्यात तथ्यही आहे. राजाने आपण होऊन सत्ता सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ज्या गावाच्या हाती ती आली, त्या गावाबद्दल बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत काय बोलले, ते आपल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पंत नैरोबीला गेले तेही हेच साल.

पंतांनी आफ्रिकेत अन्याय ओळखला, मग घरचा का ओळखला नाही, असा सोपा आरोप मी करणार नाही. माझे भांडण वाचण्याच्या रीतीशी आहे. मराठी माणसाची परदेशातली कामगिरी म्हणून हे पुस्तक एकटेच वाचले, तर नैरोबी हा एका उमद्या राजपुत्राच्या आयुष्यातला थरारक अध्याय होऊन बसतो. खरातांचे पुस्तक शेजारी ठेवले की किपांडे आणि तराळाची काठी एका रांगेत येतात. राजदूताला सरकार परत बोलावू शकते. तराळाला विहिरीतून परत बोलावणारे सरकार कुठले होते? त्याचे वतन जायलाच १९५८ चा कायदा यावा लागला.

बैठक संपल्यावर त्या मित्राने दोन्ही पुस्तके मागितली. आधी खरातांचे वाचतो, म्हणाला. पंतांच्या इंग्रजीला मी सोबत बसावे, अशी त्याची अट आहे.