मृत्यूची प्रतीके : ड्यूररच्या छापचित्रापासून मलिक अंबरच्या शिरापर्यंत

युरोपातील प्रबोधनकाळाच्या छापचित्रांत मृत्यू कोणाचीच भीडमुर्वत ठेवत नाही. हान्स होल्बाइनची ‘मृत्यूचे नृत्य’ ही काष्ठठशांची मालिका १५३८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सांगाडा पोपला नेतो, सम्राटाला नेतो आणि नांगर धरलेल्या शेतकऱ्यालाही नेतो. आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१३ च्या कोरीव चित्रात चिलखतधारी स्वाराशेजारी चाललेला मृत्यू त्याला वाळूचे घड्याळ दाखवतो. सांगाडा, कवटी व वाळूचे घड्याळ ही या चित्रांची वर्णमाला होय. तिचा आशय एकच : फना सर्वांसाठी आहे. हीच प्रतीके दरबारात गेली की त्यांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

युरोपीय छापचित्रे मोगल दरबारात पोहोचण्याचा एक महत्त्वाचा मार्ग गोव्यातून जात होता. १५७९ मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अकबराला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले, त्यात कोरीव चित्रे होती. दरबारातील चित्रकार अशा चित्रांवरून हात बसवू लागले. अबुल हसन याने १६०० च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ मधील क्रूसारोहणाच्या चित्रावरून संत योहानाचे रेखाटन केले. मूळ चित्रात योहान क्रुसाखाली शोक करीत उभा आहे. अबुल हसनने क्रूस व मृतदेह वगळून फक्त शोक करणारा माणूस घेतला. याला निव्वळ नक्कल म्हणणे योग्य होणार नाही; ही निवड आहे.

पुढे याच चित्रकाराने १६१६ च्या सुमारास जहांगीराचे एक प्रसिद्ध चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडीत आहे. आकाशात युरोपीय धर्तीचे देवदूत आहेत. शिराजवळ घुबड आहे. फारसी-उर्दू परंपरेत ‘बूम’ म्हणजे ओसाडीची खूण. मराठी माणसालाही ते अशुभच वाटते. योहानाच्या रेखाटनात मृत्यू नव्हता, केवळ शोक होता. येथे मृत्यू आहे, शोक करणारा कोणी नाही.

मात्र हा मृत्यू घडलाच नव्हता. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला, त्याने वसविलेल्या खडकीची नासधूस झाली, तरी तो मोगलांच्या हाती लागला नाही. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेला हरविले. म्हणजे हे चित्र घटनेची नोंद नसून इच्छेची नोंद आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ते छापताना एवढी तळटीप तरी हवी.

वाळूच्या घड्याळाचेही असेच झाले. बिचित्रच्या चित्रात जहांगीर भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळावर बसून राजांऐवजी सूफी शेखाला ग्रंथ देतो. पायथ्याशी छोटे देवदूत घड्याळावर त्याला हजार वर्षे राज्य लाभो, अशी दुआ लिहीत आहेत. मर्यादेच्या प्रतीकावर अमर्यादेची प्रार्थना! तरीही घड्याळातली वाळू खाली उतरतेच आहे. खुशामतीच्या भाराखालीही प्रतीकाने आपला मूळ अर्थ सोडलेला नाही.

जहांगीराच्याच दरबारात याला अपवाद आहे. १६१८ मध्ये अफू व मद्याने खंगलेल्या इनायत खानाचे, मरणाच्या दारातले चित्र त्याने काढवून घेतले. त्यात कवटी नाही, घड्याळ नाही, देवदूत नाहीत. तक्क्यांना टेकलेली हाडांची मोळी तेवढी आहे. प्रतीकांवाचून मृत्यू दाखविणारे हे चित्र आशयाने ड्यूररला सर्वांत जवळचे वाटते.

निष्कर्ष असा की, उसने घेतलेले प्रतीक सत्तेच्या सेवेला जुंपता येते, पण ते फार काळ तेथे राहत नाही. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, स्वतःच्या वार्धक्याने. बादशहाचा बाण त्याला कधी लागला नाही. त्याची कबर खुलताबादला आहे. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. होल्बाइनच्या मालिकेत दोघांनाही जागा मिळाली असती. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी व उर्दू वर्गांत ‘प्रतीक’ शिकविताना कवितेबरोबर ही चित्रेही समोर ठेवावीत. प्रतीक कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना त्यातून सहज विचारता येईल.