गोठलेली भूमी आणि खाजणातील पूल : एका परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय कल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा तिचे नाव आधी येते आणि आशय मागाहून. कित्येकदा तो वाटेतच राहतो. ऋतुपरत्वे गोठणाऱ्या भूमीचा भूकंपकाळी पुलांच्या वर्तनावर काय परिणाम होतो, हा भूकंप-अभियांत्रिकीतील विषय या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. एडवण हे पालघर तालुक्यातील, केळव्याच्या दक्षिणेस व वैतरणेच्या मुखाच्या उत्तरेस वसलेले किनाऱ्यावरील गाव. तेथील भूमी कधीच गोठत नाही. अशा गावाच्या संदर्भात या संशोधनाला काही अर्थ आहे काय, या प्रश्नाची सहसा दोन उत्तरे संभवतात. पहिले असे, की हा बर्फाळ प्रदेशांचा प्रश्न असून कोकणाशी त्याला कर्तव्य नाही. दुसरे असे, की ऋतूबरोबर भूमी बदलते हा सिद्धांत सार्वत्रिक असल्यामुळे तो जसाच्या तसा येथेही लावावा. ही दोन्ही उत्तरे सदोष आहेत आणि दोहोंच्या दोषाचे मूळ एकच आहे. ‘गोठणे’ या शब्दातून जे सूचित होते त्यालाच शास्त्रीय आशय मानले गेले, हे ते मूळ होय.

प्रथम मूळ आशय पाहावयास हवा. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ परिमाणाचा भूकंप झाला. त्या वेळी तेथील पृष्ठभागाचा थर गोठलेला होता. परंतु त्याखालील वाळू व गाळ पाण्याने भरलेले असून गोठलेले नव्हते. कंपनामुळे या खालच्या थराचे द्रवीभवन झाले आणि नदीकाठची भूमी पात्राच्या दिशेने सरकली. महामार्ग व लोहमार्ग यांवरील अनेक पूल दोन्ही तीरांकडून दाबले गेले. ट्वेंटीमाइल नदीवरील महामार्गाच्या पुलाचा काँक्रीटचा पृष्ठ खाली बसला आणि आधाराचे लाकडी खांब त्यातून आरपार वर निघाले. वरचा कडक थर स्थिर राहिला नाही. तो खालच्या प्रवाही थरावरून सरकला.

दुसरा पुरावा प्रयोगाचा आहे. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जमिनीत वेध घेऊन ओतलेल्या पायावरील काँक्रीटच्या स्तंभांवर उन्हाळ्यात व हिवाळ्यात आडवा भार देऊन पाहिला. सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या तुलनेत उणे १० अंशांवर त्या रचनेची ताठरता सुमारे १७० टक्क्यांनी वाढली. आडवा भार सोसण्याची क्षमता मात्र सुमारे ४४ टक्क्यांनीच वाढली. सर्वाधिक वाक येण्याचे स्थान पाऊण मीटरहून अधिक वर सरकले आणि कायमचा वाक ज्या लांबीत विभागला जातो ती लांबी पुष्कळच आखूड झाली. स्तंभ अधिक वर व अधिक थोड्या जागेत मोडू पाहतो, आणि त्यावरील कर्तनबलही वाढते, असा याचा इत्यर्थ. उन्हाळ्यातील मृदापरीक्षणावरून पोलादी सळ्यांची दाट बांधणी जेथे केली असेल, तेथेच हिवाळ्यातील भूकंप पुलाला गाठील असे नाही.

आता या आशयाला मराठी वाक्यात काय होते ते पाहावे. या विषयाचा सारांश मराठीत सांगावयाचा झाल्यास सहज सुचणारे वाक्य असे : ‘गोठल्यामुळे जमीन मजबूत होते व पुलाच्या वर्तनात फरक पडतो.’ वाक्य निर्दोष भासते. पण त्यातील दोन शब्द आशयाच्या विरुद्ध काम करतात.

पहिला शब्द ‘गोठणे’ हा होय. तूप थिजते, पाणी गोठते, रक्त साकळते, खीर आळते. मराठीत द्रव घट्ट होण्याच्या क्रियेला पदार्थागणिक निराळे क्रियापद आहे, आणि त्या सर्वांत वाहणे थांबल्याची किंवा मंदावल्याची छटा समान आहे. ‘गोठणे’ या शब्दाच्या लाक्षणिक वापरात तर ही छटा अधिकच गडद होते. भीतीने माणूस गोठतो, म्हणजे जागचा हलत नाही. म्हणून ‘गोठलेली जमीन’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात अचल भूमीचे चित्र उभे राहते. अलास्कातील भूमीने नेमके याच्या उलट केले. गोठणे ही तिच्या वरच्या थराची अवस्था होती. खालच्या थराविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

दुसरा शब्द ‘मजबूत’ हा आहे. व्यवहारात ताठर, कठीण, बळकट, टिकाऊ या सर्वांना तो पुरतो. परिभाषेत मात्र ताठरता म्हणजे विरूपणाला होणारा विरोध, आणि सामर्थ्य म्हणजे मोडण्यापूर्वी सोसता येणारा भार. वर दिलेले १७० व ४४ हे दोन आकडे एकाच ‘मजबुती’त कोंबले, की शोधाचा गाभाच नाहीसा होतो. ताठरता सामर्थ्यापेक्षा अधिक वाढली, आणि धोका या विषमतेतून येतो. ज्या भाषेत दोन गुणांना एकच शब्द वापरला जातो, त्या भाषेत त्या गुणांमधील तफावत वाक्यात मांडताच येत नाही. मराठीला ‘ताठर’ व ‘बळकट’ हे दोन्ही शब्द उपलब्ध आहेत. तेव्हा दोष भाषेचा नसून लेखकांच्या सैलपणाचा आहे.

शब्दांचा हा घोळ भूकंपाच्या वृत्तांतही आढळतो, आणि तेथे तो एडवणच्या अधिक जवळ येतो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू व तलासरी तालुक्यांत धुंदलवाडीच्या आसपास, लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ परिमाणाचा धक्का बसला. अशा धक्क्याला ‘४.१ तीव्रतेचा’ म्हणण्याची वृत्तपत्रीय रीत आहे. परंतु परिमाण हे भूकंपाच्या उगमाचे माप असून ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता ही त्या त्या ठिकाणच्या हादऱ्याची प्रत असून ती गावोगाव बदलते. कातळावरील वस्तीत व गाळावरील वस्तीत एकाच भूकंपाची तीव्रता भिन्न असू शकते. ‘तीव्रता’ हा शब्द परिमाणासाठी खर्ची पडला, की स्थळानुसार बदलणाऱ्या हादऱ्यासाठी शब्दच उरत नाही. आणि त्याबरोबर पायाखालची माती हा विषयच चर्चेतून निघून जातो.

एडवणच्या परिसरात हा विषय गौण मानता येत नाही. किनाऱ्यालगत वाळूचा पट्टा, त्यामागे खाजणे, खार जमिनी व भातशेती, त्यांतून शिरणाऱ्या खाड्या, आणि खोलवर दख्खनचा बेसाल्ट, अशी या भागाची सर्वसाधारण रचना आहे. गावातून रेल्वेसाठी सफाळ्याला जावे लागते. तेथून मुंबईकडे जाताना वाढीव बेटाच्या दोन्ही अंगांस वैतरणेवरील ९२ व ९३ क्रमांकांचे लोहमार्गाचे पूल लागतात. मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गावरील सर्वांत लांब नदीपूलही वैतरणेवरच योजिलेला आहे. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशात हा प्रदेश तिसऱ्या भूकंपक्षेत्रात दाखविला होता. ४.१ परिमाणाच्या धक्क्याने खाडीच्या गाळाचे द्रवीभवन व्हावे, अशी अपेक्षा सामान्यतः नसते. परंतु पूल त्या धक्क्यासाठी नव्हे, तर त्याहून मोठ्या संभाव्य भूकंपासाठी रचावयाचे असतात.

अशा भूमीत ऋतू काय करतो? खाडीच्या पात्रात तो फारसे काही करीत नाही. तेथील गाळाला दिवसातून दोनदा भरतीचे पाणी मिळते आणि मे महिन्यातही तो पाण्याने भरलेलाच असतो. पात्रातील पाइल, म्हणजे परिभाषेतील स्थूणा, उन्हाळ्यात व पावसाळ्यात जवळजवळ सारख्याच भूमीत उभ्या असतात. म्हणून ‘सिद्धांत जसाच्या तसा लावावा’ हे उत्तर येथे टिकत नाही. शिवाय गोठलेल्या मातीची ताठरता न गोठलेल्या मातीच्या अनेक पटींनी अधिक असते. उन्हाने वाळलेल्या चिकणमातीला ती पातळी गाठता येत नाही.

तथापि पुलाच्या दोन्ही टोकांस, बांधाआडच्या खाजणात व जोडरस्त्याच्या भरावाखाली, चित्र पालटते. भरतीपासून तोडलेली ही जमीन उन्हाळ्यात वरून वाळते, भेगाळते व तिला कठीण कवच येते. त्याखाली ओला, मऊ थर तसाच राहतो. पावसाळ्यात भूजल पृष्ठभागापाशी येते, कवच मऊ होते आणि भरावाचे वजन वाढते. अलास्काशी या प्रदेशाचे साम्य असलेच तर ते येथे, वरचे कवच व खालचा दुर्बळ थर यांच्या जोडीत आहे. खालचा थर वाळूचा व सैल असेल, तर मोठ्या भूकंपात उन्हाळी कवच एकसंध सरकून अंत्याधाराला ढकलू शकते. पावसाळ्यात कवच पातळ राहून द्रवीभवनक्षम थराची जाडी वाढते. दोन्ही ऋतूंत धोका आहे, पण त्याची रीत निराळी आहे. म्हणून ‘कोकणाशी कर्तव्य नाही’ हे उत्तरही टिकत नाही. कोरडा ऋतू सुरक्षित, हा समज तर २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानेच मोडीत काढला. ऐन कोरड्या हंगामात कच्छच्या क्षारयुक्त सपाट प्रदेशात विस्तृत द्रवीभवन झाले आणि सूरजबारी येथील पुलाला हानी पोहोचली.

येथे असा आक्षेप येईल, की पुलाचे आराखडे मराठीत होत नाहीत. तेव्हा या शब्दचिकित्सेचा उपयोग काय? आक्षेप अर्धाच खरा आहे. गणित इंग्रजीत होते, पण पूल हवा की नको, जुना पूल धोक्याचा आहे काय, खाडीतील रेती काढू द्यावी काय, हे प्रश्न ग्रामसभेत, तालुक्याच्या ठिकाणी आणि वृत्तपत्रांत मराठीतच विचारले जातात. ‘जमीन मजबूत आहे’ या उत्तराने समाधान मानणारा समाज ‘कोणत्या महिन्यात, किती खोलीवर?’ असे विचारू शकत नाही. खाडीकाठची वेधने सोयीसाठी कोरड्या महिन्यांत केली जातात, तेव्हा हा प्रश्न विचारणारा कोणी तरी असणे अगत्याचे आहे.

विशेष असे, की या प्रश्नाला लागणारी दृष्टी मराठी शेतकऱ्याच्या भाषेत पूर्वीपासून आहे. ‘वाफसा’ हा शब्द मातीचा प्रकार सांगत नाही. तो मातीची अवस्था सांगतो, तीही विशिष्ट कामाच्या, म्हणजे नांगरणी-पेरणीच्या, अपेक्षेने आणि विशिष्ट काळापुरती. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येतो आणि उन्हाने जातो. मृदायांत्रिकीला नेमकी अशीच संज्ञा हवी असते. ‘गोठलेली जमीन’ या शब्दप्रयोगात अवस्थेला पदार्थाचे रूप येते. ‘वाफसा’मध्ये ती अवस्थाच राहते. म्हणून या विषयाचे नाव मराठीत ‘भूमीची ऋतुसापेक्ष ताठरता’ असे असावे. ते अलास्काला लागू पडते, एडवणलाही लागू पडते, आणि दोहोंतील भेद झाकीत नाही. गोठणे हे त्या ताठरतेचे एक कारण, वाळणे हे दुसरे, आणि भिजणे हे ती उतरण्याचे कारण, अशी मांडणी त्यातून आपोआप होते.

परिभाषेचे मूल्यमापन केवळ संस्कृत व्युत्पत्तीच्या शुद्धतेवरून करण्याची प्रथा सोडून द्यावयास हवी. ज्या संज्ञेमुळे पुढचा प्रश्न सुचतो ती संज्ञा उपयुक्त, आणि जिच्यामुळे प्रश्न मिटल्याचा भास होतो ती त्याज्य, ही कसोटी अधिक रास्त आहे. ‘मजबूत’ हा शब्द या कसोटीस उतरत नाही, ‘ताठर’ उतरतो. वैतरणेच्या तीरावरील भूमीविषयीचे प्रत्येक विधान ऋतू, खोली आणि थर यांच्या उल्लेखासह केले जाईल, तेव्हाच या संशोधनाचा आशय मराठीत पोहोचला असे म्हणता येईल.