मागून बघ

पनवेलहून पेणकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा दिसतो, असं सगळेच म्हणतात. पण तो अंगठा ठरावीक ठिकाणांवरूनच दिसतो. किल्ल्यावर चढून पायथ्याशी गेलात की उरतो उभा काळा कातळ, त्यात खोदलेली पाण्याची टाकी आणि मधमाश्यांची पोळी. शाळेत आमचे ड्रॉइंगचे सर याच सुळक्यावरून शिल्प समजावायचे. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र एका जागी बसून काढायचं असतं. सर मात्र सरावात आम्हाला उठवायचे आणि म्हणायचे, "मागून बघ."

इन्स्टॉलेशनपुढे उभं राहून 'याचा अर्थ काय' विचारत बसण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

गावोगावचे 'आय लव्ह अमुक' सेल्फी पॉइंट घ्या. मागे लोखंडी अँगल आणि लोंबणाऱ्या वायरी. (आमच्या धंद्यात याला नुसता फ्रंट-एंड म्हणतात.) फोटोपुरतं ठीक आहे, पण त्याला शिल्प म्हणू नये.

याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या सासवण्याला, शिल्पकार वि. पां. करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण मला त्याहून इथली म्हैस आवडते. तिला दर्शनी बाजू अशी नाहीच. कुठूनही बघा, ती आपल्याच नादात.

मग बीकेसीतली सुदर्शन शेट्टींची 'फ्लाइंग बस'. २०१२ साली मेकर मॅक्सिटीत उभी राहिलेली डबलडेकर, तिला धातूचे भलेथोरले पंख. समोरून बघितली तर मला ती जरा सोपी वाटते: बस, पंख, मुंबईकरांची स्वप्नं, झालं. इतक्या महागड्या काचेच्या इमारतींमध्ये हे स्वप्न जरा गुळगुळीतही होतं. पण मागे जा. बस मागून कशी दिसते हे मुंबईत चुकलेल्या बसमागे धावलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथून पंख उड्डाणाचे वाटत नाहीत, निघून जाण्याचे वाटतात.

शिवाय सप्टेंबर २०२३मध्ये बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर कायमच्या बंद झाल्या. २०१२मध्ये ही बस रस्त्यावरच्या खऱ्या बसची गंमत होती. आता ती खरी बस नाही. इलेक्ट्रिक डबलडेकर आल्यात, पण त्या वेगळ्या दिसतात. पंखांना कुणी हात लावला नाही, तरी शिल्प बदललं, आणि माझ्या मते ते आता जास्त चांगलं आहे.