गेडिस यांची नगरदृष्टी आणि हुपरी

पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १९१४ साली ते भारतात आले, पुढील काही वर्षांत त्यांनी येथील अनेक नगरांविषयी अहवाल लिहिले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले. या अहवालांतील निवडक भाग जॅकलिन टिरव्हिट यांनी १९४७ साली संपादित केला. हे अहवाल बहुतांशी मोठ्या नगरांविषयी असले, तरी त्यांतील विचाराची खरी कसोटी हुपरीसारख्या ठिकाणी लागते. चांदीच्या दागिन्यांसाठी ख्यात असलेल्या या गावात नगरपरिषदेची पहिली निवडणूक २०१७ साली झाली. गावाचे नगर होताना त्याची रचना कोणत्या दृष्टीने व्हावी, हा प्रश्न तेथे केवळ ग्रंथगत उरलेला नाही.

गेडिस यांचा पहिला आग्रह असा की, उपचारापूर्वी निदान हवे. जुनी वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढणे त्यांना अमान्य होते. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या जागी लहान चौक करून झाडे लावावीत, बाकीची वस्ती राखावी, असे ते सुचवीत. हुपरीत हा विचार विशेष लागू पडतो. कारण तेथे घर हेच पुष्कळदा कारखानाही असते. घर हलले की रोजगारही हलतो. शिवाय जुन्या भिंतींच्या फटींत चिमणी घरटे करते. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर वटवाघळे व हारोळ्या जगतात. रस्तारुंदीचा आघात माणसांवर आणि या जीवांवर एकदमच होतो.

गेडिस यांचा दुसरा आग्रह तळ्यांविषयी आहे. हिवतापाच्या भयाने तळी बुजवू नयेत; त्यांत मासे व बदके ठेवावीत, म्हणजे डासांच्या अळ्यांचा नाश होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते शास्त्रशुद्ध आहे; परंतु त्याची मर्यादाही येथेच दिसते. या विचारात प्राणी येतो तो माणसाच्या आरोग्याचा सेवक म्हणून. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मासा जगेल असे पाणी येथे गृहीत धरलेले आहे. चांदीच्या शुद्धीकरणात तीव्र आम्ले वापरली जातात, आणि पाण्यात विरघळलेली चांदी मासे व सूक्ष्मजीव यांना घातक असते. असे सांडपाणी प्रक्रियेविना गटारात गेले, तर गेडिस यांचा उपाय मुळातच निष्फळ होतो. म्हणून हुपरीसारख्या नगराच्या निसर्गरचनेचा आरंभ उद्यानापासून होत नाही. तो कारागिराच्या मोरीपासून होतो. लहान कारागिराला स्वतंत्र प्रक्रियायंत्रणा परवडणारी नाही, तेव्हा ती सामायिकच असावी लागेल.

आपल्या कायद्यांत या विचाराचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये निसर्गरम्य प्रदेशांच्या जतनाची तरतूद आहे. त्याच कलमात सखल व दलदलीच्या जागा भरून काढण्याचीही आहे. बेडकाचे आणि पाणपक्ष्याचे घर पहिल्या तरतुदीत सहसा बसत नाही, दुसरीत मात्र सहज बसते. योजनेपूर्वीची पाहणीही कायद्याने सांगितली आहे. पण तिचे फलित म्हणजे विद्यमान जमीनवापराचा नकाशा. गेडिस यांना अभिप्रेत असलेले जीवनाचे निरीक्षण त्यात संकोच पावले.

ही उणीव भरून काढण्याचे साधन जैविक विविधता अधिनियम, २००२ याने दिले आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमावयाची असून तिच्याकडून लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हावयाची असते. ही नोंदवही विकास योजनेच्या आधी पुरी झाली आणि कोणते झाड, कोणता ओढा, कोणती पाणथळ जागा कोणाच्या उपयोगाची हे नकाशावर उतरले, तरच तिला अर्थ आहे. योजना मंजूर झाल्यावर केलेली नोंद ही बहुधा गेलेल्याचीच यादी ठरते. गेडिस यांची पद्धती आजही ग्राह्य आहे. मात्र त्यांच्या पाहणीत माणसाच्या सोयीसाठी आलेल्या जीवांना आता स्वतःच्या हक्काचे स्थान मिळावयास हवे.