वरच्या खिडकीतला हिवाळा

आपल्या बीडमध्ये हिवाळा म्हणजे काय? पहाटेची शेकोटी, हुरडा आणि ओस पडलेली गावं. दिवाळीच्या मागंपुढं ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघून जातात. आज पडद्यावर जी दोन चित्रं दाखवतोय, त्यांतला हिवाळा मात्र गर्दीचा आहे.

पहिलं चित्र क्लोद मोनेचं, १८७३-७४ सालचं. पॅरिसमधला कॅप्युसिन नावाचा रुंद रस्ता, वरच्या मजल्यावरून पाहिलेला. हे चित्र आज अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. बर्फ पडलेलं आहे, पण त्यात निव्वळ पांढरा रंग शोधून बघा, फार थोडा सापडेल. सगळं निळसर, करडं. उजवीकडं तेवढा फुग्यांचा गुलाबी ठिपका. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिलेलं नाही, तरी गारवा जाणवतो, तो या निळसरपणामुळं.

मोनेनं या रस्त्याची दोन चित्रं केली. त्यांतलं एक १८७४ च्या एप्रिलमध्ये, याच रस्त्यावर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या पहिल्या प्रदर्शनात होतं. लुई लरुआ या टीकाकारानं त्याची टर उडवली. खाली जिभेनं चाटल्यासारखे हे काळे फराटे म्हणजे माणसं का, असा त्याचा सवाल. कलेच्या पुस्तकांत आपण लरुआला हसतो. मी आज थोडी त्याची बाजू घेणार आहे.

का? कारण आपल्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. दोन जीव, हिशोबात नग एक. माणसाची नुसती खूण झाली की काय होतं, हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून लरुआचा प्रश्न मला फालतू वाटत नाही.

आता दुसरं चित्र बघा. कामीय पिसारो, १८९७, मोंमार्त्र रस्त्यावरची हिवाळी सकाळ. हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पिसारोचं वय तेव्हा ६६. डोळ्यांच्या दुखण्यामुळं उघड्यावर काम जमेना, म्हणून हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीआडून याच रस्त्याची चौदा चित्रं केली. सकाळ, ढगाळ दिवस, रात्रसुद्धा. इथं झाडं निष्पर्ण आहेत, बग्ग्यांची रांग आहे. माणसं इथंही फराटेच आहेत. मग फरक काय?

मोनेची गर्दी उजेडात विरघळते, एकजीव होते. पिसारोकडं बग्गी कुठं चालली, पायी चालणारा कुठल्या कडेला आहे, हे कळतं. चेहरा नाही, पण जागा आहे. आणि तो त्याच खिडकीशी परत परत बसतो. हे परत बघणं मला महत्त्वाचं वाटतं. हिशोबाची खूण एकदा केली की पुन्हा कुणी बघत नाही.

तरी एक उणीव दोघांतही राहतेच. थंडी दिसते, पण ती कुणाला वाजते, हे दिसत नाही. तेवढ्यासाठी खिडकी सोडून खाली उतरावं लागतं. चित्रं मला आवडतात, म्हणूनच हे बोललो. उद्या गच्चीवरून आपला रस्ता जरूर बघा. पण मग जिना उतरून खालीही या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.